तपासणीची पट्टी आणि मराठवाड्याचे ऊन

हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावसारख्या गावात रक्तातली साखर तपासणे ही आता नवलाई राहिलेली नाही. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी व्हावी, असा राष्ट्रीय कार्यक्रमच आहे. आशाताई घरोघर जाऊन माहिती भरतात. उपकेंद्रातली आरोग्यसेविका किंवा समुदाय आरोग्य अधिकारी बोटाला सुई टोचून पट्टीवर रक्ताचा थेंब घेतात. ज्यांच्या घरात मधुमेह आहे, त्यांच्यापैकी अनेकांनी स्वतःचे यंत्रही घेतले आहे. यंत्राची किंमत विचारली जाते, कंपनीची चर्चा होते, बॅटरी बदलली जाते. पट्टीकडे मात्र कोणी फारसे लक्ष देत नाही. खरे काम तर पट्टीच करते. तिच्या टोकाला शुद्ध केलेले एन्झाइम, म्हणजे शाळेच्या पुस्तकातले विकर, वाळवून बसवलेले असते. रक्तातल्या साखरेला तेच ओळखते, तेच तिच्यावर क्रिया करते, आणि त्या क्रियेतून निर्माण होणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह यंत्र मोजते. विकर निकामी झाले, तर यंत्र कितीही महागडे असो, पडद्यावरच्या आकड्याचा भरवसा राहत नाही.

पट्ट्यांच्या बहुतेक डब्यांवर साठवणुकीची कमाल मर्यादा ३० अंश सेल्सिअसच्या आसपास छापलेली असते. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या छपराखाली, बंद गाडीत किंवा मोटारसायकलच्या डिकीत तर तापमान त्याहून बरेच वर जाते. डब्यावरची मुदत संपण्याची तारीख सगळे वाचतात. ती तारीख छापील तापमान पाळले तरच खरी, ही अट मात्र वाचली जात नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे, की ग्रामीण आरोग्यव्यवस्थेत आता लसींइतकीच विकरेही येऊन पोहोचली आहेत. लसींसाठी आपण जी शिस्त उभी केली, ती विकरांसाठी उभी केलेली नाही, आणि ती करायला हवी.

त्यासाठी आधी विकर बिघडते म्हणजे नेमके काय होते, हे समजून घ्यावे लागेल.

विकर हे प्रथिन असते. अमिनो आम्लांची लांबलचक साखळी स्वतःभोवती ठरावीक पद्धतीने घडी घालते आणि त्या घडीत एक खोबण तयार होते. कामाचा पदार्थ त्या खोबणीत बसतो, बदलतो आणि बाहेर पडतो. सगळे कर्तृत्व या घडीचे. साखळी अखंड असली पण घडी उलगडली, तर प्रथिन असूनही विकर उरत नाही. पेशीच्या आत या घडीची काळजी घ्यायला बरीच यंत्रणा असते. आजूबाजूला इतर प्रथिनांची दाटी असते, क्षारांचे प्रमाण आणि सामू सांभाळला जातो, उलगडू लागलेल्या साखळीला सावरणारी प्रथिने असतात आणि खराब झालेल्या रेणूच्या जागी नवा तयार होत राहतो. शुद्धीकरण म्हणजे या सगळ्या गोतावळ्यातून विकराला एकटे बाहेर काढणे. जितके शुद्ध, तितके ते उघडे पडते.

मग त्याच्यावर चारी बाजूंनी आघात होतात. उष्णतेने घडी सैल होते. हवेतला ऑक्सिजन गंधकयुक्त अमिनो आम्लांना गाठतो, आणि धातूंचे अंश त्याला मदत करतात. शुद्धीकरणात चुकून मागे राहिलेले प्रथिनभक्षक विकर सावकाश साखळी तोडत राहते. पाण्यात जंतू वाढतात. द्रावण फार विरळ असेल, तर विकराचे रेणू बाटलीच्या भिंतीलाच चिकटून बसतात आणि द्रावणात जवळपास काहीच उरत नाही. यातली सर्वांत त्रासदायक गोष्ट अशी, की बाहेरून काही कळत नाही. निकामी झालेल्या विकराचे द्रावण बहुधा तसेच नितळ दिसते. वास नाही, रंग नाही. प्रथिन किती आहे हे मोजले, तर आकडाही पहिल्याइतकाच येतो. बदललेली असते ती फक्त क्रियाशीलता, आणि ती कळण्यासाठी विकराला काम करायला लावून मोजावे लागते.

विकर शुद्ध करता येते, हेच मुळात लोकांना फार उशिरा पटले. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जेम्स समनर यांनी जॅक बीन नावाच्या शेंगवर्गीय पिकाच्या दाण्यांतून यूरिएज हे विकर स्फटिकरूपात मिळवले, ते १९२६ साली. विकर म्हणजे प्रथिन असते, हे त्यातून दिसले. अनेक नामवंत शास्त्रज्ञांनी बरीच वर्षे ते मानले नाही. पुढे १९४६ मध्ये समनर यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्या वेळच्या नोबेल व्याख्यानात त्यांनी सांगितलेली एक आठवण आमच्या विषयाला फार जवळची आहे. सुरुवातीच्या काळात त्यांच्या प्रयोगशाळेत बर्फपेटीसुद्धा नव्हती. दाण्यांचा अर्क काढून ते काचपात्रे खिडकीच्या कट्ट्यावर ठेवत आणि थंडी पडावी म्हणून प्रार्थना करत. विकराचे शास्त्र पहिल्या दिवसापासून असे हवामानाच्या दयेवर उभे होते.

समनर यांनी ज्या यूरिएजवर आयुष्यातली वर्षे घातली, ते हिंगोलीच्या शेतातही भरपूर आहे. सोयाबीनच्या दाण्यात यूरिएज असते. सोयाबीनची पेंड जनावरांना आणि कोंबड्यांना घालण्याआधी ती पुरेशी तापवली आहे ना, हे पाहण्यासाठी पेंडीच्या कारखान्यांत यूरिएजचीच तपासणी करतात. कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अडथळा आणणारी प्रथिने असतात आणि ती उष्णतेने निकामी करावी लागतात. ती गेली की नाही हे थेट मोजण्यापेक्षा यूरिएज मोजणे सोपे. यूरिएज मेले असेल तर तीही गेली, असा हिशेब. तिथे उष्णतेने विकर मारायचे असते, इथे उष्णतेपासून ते वाचवायचे आहे. नियम मात्र एकच आहे, आणि कारखान्यातले लोक तो रोज पाळतात: विकर जिवंत आहे की नाही हे गृहीत धरायचे नसते, तपासून पाहायचे असते.

प्रयोगशाळेत शुद्ध विकर टिकवण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, ती जवळून पाहण्यासारखी आहे. डीएनएवर काम करणाऱ्या कोणत्याही प्रयोगशाळेत, मग ती नांदेडच्या विद्यापीठातली असो वा पुण्याच्या संस्थेतली, बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या नळ्या उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवलेल्या असतात. नळी बाहेर काढून तिरकी केली, तर आतला द्रव हलतो. उणे २० अंशांवर तो गोठलेला नसतो, कारण त्यात निम्मे ग्लिसरॉल असते. ग्लिसरॉल तिथे दोन कामे करते. द्रव गोठू देत नाही, आणि विकराच्या घडीला आधार देते. गोठणे हेच पुष्कळदा मारक ठरते. पाण्याचा बर्फ होताना विरघळलेले क्षार उरलेल्या थोड्या पाण्यात एकवटतात, आणि विकर तीव्र खारट द्रावात सापडते. सोडियम फॉस्फेटचे द्रावण गोठवले, तर त्यातला एक क्षार आधी स्फटिक होऊन बाजूला पडतो आणि ७ असलेला सामू ४ च्या आसपास घसरू शकतो. खोलीत व्यवस्थित असलेले विकर अशा वेळी थंडीने नव्हे, आम्लाने मरते. म्हणून कोणत्या द्रावणात ठेवायचे, हे किती थंड ठेवायचे याइतकेच महत्त्वाचे असते.

त्या द्रावणात आणखी काही गोष्टी असतात. धातूंना पकडून ठेवणारे ईडीटीए असते, गंधकाचे टोक ऑक्सिजनपासून सांभाळणारे डीटीटी असते, आणि द्रावण विरळ असेल तर भिंतीला चिकटण्याचे काम आपल्यावर घेणारे गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन असते. जंतू वाढू नयेत म्हणून काही ठिकाणी सोडियम अझाइड घालतात, पण पेरॉक्सिडेजसारख्या विकराला तेच विष ठरते. एकाचे औषध दुसऱ्याला बाधते, त्यामुळे सर्वांना लागू पडणारी एकच कृती नाही. काही विकरे अमोनियम सल्फेटच्या दाट द्रावणात गढूळ गाळाच्या रूपात साध्या फ्रिजमध्ये कित्येक महिने राहतात. ती गोठवू नयेत, असे बाटलीवरच लिहिलेले असते. आणि काही विकरांना तर थंडीच सोसत नाही. इफ्रेम रॅकर यांच्या प्रयोगशाळेने १९६० मध्ये मायटोकॉन्ड्रियातले एटीपेज वेगळे केले, तेव्हा ते बर्फावर निकामी होते आणि खोलीच्या तापमानाला टिकते, असे आढळले. थंड ठेवले म्हणजे सुरक्षित ठेवले, हा समज शास्त्राने तेव्हाच मोडीत काढला आहे.

हाताळणीची शिस्तही तितकीच कडक. एका मोठ्या नळीतून रोज थोडे थोडे काढायचे नाही. आल्याबरोबर छोट्या वाटण्या करून ठेवायच्या, म्हणजे एकच वाटणी बाहेर येते आणि बाकीच्यांना धक्का लागत नाही. नळी बाहेर काढली की बर्फात, काम झाले की लगेच परत. घरगुती फ्रिजचा आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीझर या कामाला चालत नाही, कारण बर्फ वितळवण्यासाठी तो अधूनमधून स्वतःला गरम करतो. बाहेरचा काटा काही सांगो, आतल्या नळ्या मात्र सतत वर-खाली होत राहतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत उन्हाळ्यात वीज जाते, तेव्हा जाणते प्रयोगशाळा सहायक फ्रीझरचे दार उघडत नाहीत आणि नळ्या थंडाव्याच्या जाड ठोकळ्यात खोचून ठेवतात. यासाठी फार पैसा लागत नाही. माणसाला कारण माहीत असावे लागते.

परंतु ही सगळी व्यवस्था फ्रीझर, बर्फ आणि प्रशिक्षित हात यांच्यावर उभी आहे. गोरेगावपर्यंत ती नेता येत नाही, आणि नेण्याचा हट्टही धरू नये. तिथे दुसरी वाट आहे, ती कोरडेपणाची.

ही वाट मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला शिकवावी लागणार नाही. सोयाबीनचे बियाणे म्हणजे उगवणीला लागणाऱ्या विकरांचे कोरडे कोठारच. ऑक्टोबरमध्ये काढलेले सोयाबीन जूनमध्ये पेरायचे असते. मधले महिने त्याने घरात काढलेले असतात, उन्हाळ्यासकट. ओलावा १२ टक्क्यांच्या आत असेल, पोती भिंतीला आणि जमिनीला टेकलेली नसतील, थप्पी फार उंच नसेल आणि आपटाआपट झाली नसेल, तर ते उगवते. ओलसर राहिले तर त्याच घरात त्याच तापमानाला मरते. दाण्यात पाणी कमी झाले की आतली साखर आणि प्रथिने काचेसारखी घट्ट होतात. त्या घट्टपणात विकराचे रेणू जागच्या जागी थिजतात; घडी उलगडायला लागणारी हालचालच होत नाही. पाणी मिळाले की पुन्हा कामाला लागतात. आणि शेतकरी बियाण्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवले ते मोजतो. सत्तरच्या खाली आले तर बियाणे बदलतो किंवा त्याचे प्रमाण वाढवतो. प्रयोगशाळेत विकराची क्रियाशीलता मोजतात, ती याहून वेगळी नाही.

शास्त्राने हीच वाट नेटकी केली. द्रावणात ट्रेहॅलोज किंवा साधी उसाची साखर घालायची, ते गोठवायचे आणि निर्वात दाबाखाली बर्फाची थेट वाफ करून पाणी काढून टाकायचे. विकराभोवतीच्या पाण्याची जागा साखर घेते आणि घडी तशीच राहते. केंब्रिजच्या संशोधकांनी १९९२ मध्ये दाखवून दिले, की डीएनए कापणारी नाजूक विकरे ट्रेहॅलोजमध्ये वाळवली, तर ७० अंश तापमानालाही दीर्घ काळ तग धरतात. उणे २० अंशांशिवाय ज्यांचे चालत नाही असे सगळे मानत होते, त्याच विकरांबद्दलचा हा निष्कर्ष होता.

या ज्ञानाचा आपल्या जवळचा, आणि आमच्या मते सर्वांत मोलाचा उपयोग गोव्यात झाला. गोव्यातल्या मोलबायो डायग्नोस्टिक्स या कंपनीने बेंगळुरूच्या बिगटेक प्रयोगशाळेच्या संशोधनावर ट्रूनॅट हे यंत्र बाजारात आणले. क्षयाच्या जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी एरवी मोठ्या शहरातल्या वातानुकूलित प्रयोगशाळेत व्हायची. ट्रूनॅट बॅटरीवर चालते. थुंकीच्या नमुन्यातून डीएनए वेगळा केल्यावर त्याचे सहा मायक्रोलिटर, म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा थेंब, एका चिमुकल्या नळीत सोडतात. त्या नळीच्या तळाशी पांढरट कोरडा कण असतो. त्यातच डीएनएच्या प्रती काढणारे विकर, साखर आणि बाकीचे साहित्य वाळवून ठेवलेले असते. थेंब पडला की ते जागे होते. तो द्रव चिपवर टाकला की साधारण तासाभरात निकाल येतो. चिप आणि नळ्या २ ते ३० अंशांच्या दरम्यान ठेवायच्या असतात. फ्रीझर लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये या चाचणीला मान्यता दिली, आणि त्याच वर्षी कोविडच्या तपासणीतही हीच यंत्रे तालुक्यांपर्यंत उपयोगी पडली. उणे २० अंशांची साखळी लागणारे आरटीपीसीआरचे संच मोठ्या केंद्रांत अडकले असताना खोलीच्या तापमानाला राहणारे विकर पुढे जाऊ शकले, हा त्या वर्षाचा धडा आम्हाला फार मोठा वाटतो.

हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेज हेही शुद्ध केलेले विकरच आहे, आणि तेही कोरड्या भुकटीच्या रूपात येते. झटका आल्यापासून औषध मिळेपर्यंतचा वेळ स्नायूच्या जिवावर उठतो, म्हणून ते मोठ्या शहरातल्या रुग्णालयाआधी जवळच्या रुग्णालयात हाताशी असायला हवे. कुपीवर लिहिलेल्या तापमानाचे महत्त्व तिथे साखरेच्या पट्टीपेक्षा कितीतरी अधिक. पट्टी चुकली तर दुसरी लावता येते.

आता प्रश्न असा, की कोरडे केले म्हणजे संपले का? नाही. कोरड्या विकराचे दोन शत्रू उरतात. एक मर्यादेबाहेरची उष्णता, आणि दुसरा ओलावा. उन्हाळ्यात पहिला, पावसाळ्यात दुसरा. ३० अंशांची मर्यादा ही हिंगोलीच्या मे महिन्यासाठी मोठी सवलत नाही. तापमान दहा अंशांनी वाढले, की रासायनिक बिघाडाचा वेग साधारण दुपटी-तिपटीने वाढतो, आणि एका टप्प्यापुढे तर घडी झपाट्याने उलगडते. साखरेची काच झालेली असते, ती ओलावा शोषला की मऊ होते आणि थिजलेले रेणू पुन्हा हलू लागतात. जूनच्या पहिल्या पावसानंतरच्या दमट हवेत उघडी राहिलेली डबी म्हणूनच धोक्याची. पट्ट्यांच्या डबीच्या झाकणात किंवा भिंतीत ओलावा शोषणारा पदार्थ उगाच बसवलेला नसतो.

यावरून घरी पाळायच्या गोष्टी सरळ आहेत. पट्टी काढली की झाकण त्याच क्षणी घट्ट लावावे. पट्ट्या दुसऱ्या डबीत किंवा प्लास्टिकच्या पिशवीत काढून ठेवू नयेत. डबी उघडल्याची तारीख झाकणावर लिहावी, कारण उघडल्यानंतरची मुदत वेगळी आणि कमी असते. ती कंपनीच्या कागदावर दिलेली असते. डबी स्वयंपाकघरात, खिडकीत, देवघराच्या दिव्याशेजारी किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नये. आणखी एक चूक वारंवार होते. इन्शुलिन फ्रिजमध्ये किंवा मडक्याच्या गारव्यात ठेवतात, म्हणून त्याच्याच शेजारी पट्ट्याही ठेवल्या जातात. इन्शुलिनला गारवा हवा; पट्टीला गारव्यापेक्षा कोरडेपणा हवा. गार डबी दमट हवेत उघडली की आत दव धरते. घरातली सावलीची, कोरडी, हवेशीर जागा पट्टीसाठी उत्तम. निकाल अंगातल्या लक्षणांशी अजिबात जुळत नसेल, तर गोळ्या वाढवण्या-कमी करण्याआधी नव्या डबीतली पट्टी लावून पाहावी, आणि प्रयोगशाळेत शिरेतल्या रक्ताची तपासणी करून घ्यावी. बिघडलेली पट्टी आकडा कमीही दाखवू शकते आणि जास्तही, म्हणून अंदाजाने दुरुस्ती करायला जाऊ नये.

घरापलीकडची जबाबदारी मात्र रुग्णाची नाही. लसीच्या बाबतीत सरकारी यंत्रणेने काय उभे केले, ते आठवावे. प्राथमिक आरोग्य केंद्रातला बर्फाचे अस्तर असलेला फ्रिज दिवसातून आठ तास वीज मिळाली तरी आतले तापमान सांभाळतो. त्याची नोंद दिवसातून दोनदा होते. अनेक लसींच्या कुपीवर उष्णतेने रंग बदलणारा चौकोन असतो. तो भोवतालच्या वर्तुळाइतका गडद झाला की लस वापरायची नाही, हे गावातली आरोग्यसेविकाही जाणते. २०१५ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या ईविन या व्यवस्थेत लसींच्या साठ्याचे आणि शीतगृहांच्या तापमानाचे आकडे थेट संगणकावर पोहोचतात. हे भारतीय सार्वजनिक आरोग्याचे मोठे यश आहे, आणि त्याचे श्रेय शिस्तीला आहे. तपासणीच्या पट्ट्या, ट्रूनॅटच्या चिप आणि गुठळी विरघळवणारी कुपी जिल्ह्याच्या भांडारातून निघून तालुक्याला, तिथून केंद्राला आणि उपकेंद्राला जातात, तेव्हा त्या प्रवासात किती तापल्या हे सांगणारी तशी खूण त्यांच्यावर सहसा नसते. खोका वेळेवर पोहोचला की पुरवठा झाला, असे धरले जाते.

तो पोहोचताना जिवंत होता का, हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा. एकदा विचारला, की उपाय अवघड नाहीत. लसींच्या खुणेसारखी उष्णतादर्शक पट्टी प्रत्येक खोक्यावर लावण्याची अट खरेदीच्या निविदेत घालता येईल. ज्या वस्तूंचे खोलीच्या तापमानाला टिकणारे, कोरडे रूप उपलब्ध आहे, त्यांना खरेदीत पहिली पसंती देता येईल. किमतीतला थोडा फरक वाया जाणाऱ्या संचांपेक्षा स्वस्तच पडेल. उन्हाळ्यातली वाहतूक पहाटे किंवा रात्री ठेवता येईल. भांडारातली पत्र्याखालची खोली सोडून जाड भिंतीची खोली निवडता येईल. साखरेच्या यंत्राबरोबर ठरावीक प्रमाणाची साखर असलेले नियंत्रण द्रावण मिळते. त्याचा एक थेंब पट्टीवर टाकला, की आकडा ठरलेल्या मर्यादेत येतो की नाही, ते दिसते. प्रत्येक उपकेंद्रात महिन्यातून एकदा आणि प्रत्येक नवी डबी उघडताना ही चाचणी सक्तीची करायला फक्त परिपत्रक लागते. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवणाऱ्या शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात या चाचणीचे महत्त्व पटवायला वेळ लागणार नाही.

संशोधनाच्या बाजूनेही या भागाकडे देण्यासारखे काही आहे. हिंगोलीपासून फार दूर नसलेल्या बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. उल्कापाताने बेसॉल्टच्या खडकात झालेल्या या सरोवराचे पाणी खारे आणि तीव्र अल्कधर्मी. सामू १० च्या घरात. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे असल्याचे दाखवले. या सरोवरातल्या सूक्ष्मजीवांपासून अल्कधर्मी द्रावणातही काम करणारी विकरे वेगळी काढण्याचे काम महाराष्ट्रातल्या संस्थांनी अनेक वर्षे केले आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातल्या उष्ण झऱ्यांत थॉमस ब्रॉक यांना १९६० च्या दशकात जो जिवाणू मिळाला, त्याच्याच विकरावर पीसीआर चाचणी मुख्यतः उभी राहिली. हे टॅक विकर ९५ अंशांना सुमारे ४० मिनिटांनी निम्मी ताकद गमावते, म्हणजे उकळत्या पाण्याच्या जवळपास इतका वेळ टिकते. तरीही त्याचे द्रावण उणे २० अंशांवरच साठवतात, कारण अर्ध्या तासाचा ताप सोसणे आणि दोन वर्षे बाटलीत राहणे या वेगळ्या कसोट्या आहेत. म्हणून नवे विकर सापडल्याची बातमी आली, की ते किती क्रियाशील आहे याबरोबर ते कोरडे करून ४५ अंशांना किती महिने टिकते, हेही संशोधकांनी सांगावे. आपल्या हवामानात दुसऱ्या आकड्याची किंमत अधिक आहे. नांदेडच्या आणि परभणीच्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवा असेल, तर हा आहे: साहित्य स्वस्त, उन्हाळा फुकट आणि उत्तराची गरज दाराशी.

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी, ऐन उन्हाळ्यात. जिल्हा स्वतंत्र झाल्याचा लाभ निर्णय जवळ येण्यात असतो. या निर्णयासाठी मुंबई-दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने येत्या फेब्रुवारीपर्यंत प्रत्येक भांडारात, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात कमाल-किमान तापमान दाखवणारा एकेक तापमापक लावावा, त्याची रोजची नोंद ठेवायला सांगावी आणि मेअखेरीस ती नोंद जिल्ह्याच्या संकेतस्थळावर सर्वांना पाहायला द्यावी, अशी आमची मागणी आहे.